गोळी आणि बटर कॉफी

थायरॉइड कमी असेल तर लो-कार्बने (भात-पोळीसारखे कर्बोदकांचे पदार्थ कमी करून) वजन हलतच नाही असं वरच्या एका प्रतिक्रियेत म्हटलंय, ते मला पटलं नाही. थायरॉइडच्या गोळीचा डोस नीट बसला असेल तर हलतं, फक्त हळू. आणि सगळं वजन थायरॉइडमुळे नसतंच, त्याच्या वाट्याला साधारण दोन ते साडेचार किलो येतात आणि त्यातही मीठ-पाणीच जास्त, बाकीचं आपल्या पोळीभाताचं :)

पण गोळीबद्दल इथे कुणीच बोललं नाही. माझ्या जाऊबाईंनी भात-पोळी बंद केली, सकाळी गोळी घेतली की लगेच बटर कॉफी, पिठात सोयाबीनचं पीठ, रात्री इसबगोल, वजन थोडं उतरलं आणि मग अडकलं, टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन) मात्र वर! डॉक्टरांनी डोस वाढवण्याआधी खाण्याच्या वेळा विचारल्या हे बरं झालं, कारण कॉफी, सोया, इसबगोल, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या, सगळ्यांनीच थायरॉक्सिन, म्हणजे गोळीतलं औषध, शरीरात कमी शोषलं जातं. म्हणून गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, अर्धा-पाऊण तास कॉफीसुद्धा नाही, कॅल्शियम आणि लोह चार तासांनी. त्यांनी एवढंच बदललं, डोस तोच, आणि पुढच्या तपासणीत टीएसएच रेंजमध्ये. तपासणी पण सहा-आठ आठवड्यांनीच करा, पंधरा दिवसांत लॅबमध्ये धावून काही कळत नाही. आणि कार्ब एकदम दिवसाला वीस ग्रॅमवर आणू नका, फार कमी केले की टी३ (थायरॉइडचं शरीरात प्रत्यक्ष काम करणारं हार्मोन) उतरतो, ज्वारीची एखादी भाकरी राहू दे की.