लेक पॉवेलला जाऊन आलात? तुमचे अनुभव हवेत

आई-बाबा मे महिन्यात पुण्याहून आमच्याकडे येतायत. बाबांचे गुडघे दुखतात, आईला पाणी फार आवडतं, मुलगी ८ वर्षांची आहे. जूनमध्ये चार दिवस लेक पॉवेलला (अमेरिकेतल्या ॲरिझोना-युटा सीमेवरचा जलाशय) जायचं असं घरात ठरलंय. हॉटेलांची माहिती कुठेही मिळते. मला हवंय ते प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांकडून: काय चुकलं, काय पुन्हा कराल, वयस्कर माणसांना काय झेपलं. सविस्तर लिहा, दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.

फिनिक्सहून

अकरा वर्षांत सात वेळा गेलोय, म्हणून पहिलं मीच लिहितो. तारखा ठरवायच्या आधी पाण्याची पातळी बघा. हे नैसर्गिक तळं नाही. ग्लेन कॅन्यन धरणामागे १९६३ पासून कोलोरॅडो नदी अडवलीय, आणि जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरायला १९८० साल उजाडलं. पूर्ण भरला की पातळी समुद्रसपाटीपासून ३,७०० फूट. २०२३ च्या सुरुवातीला ती ३,५२० च्या आसपास आली होती, म्हणजे सुमारे १८० फूट कमी! तेव्हा बोटी पाण्यात सोडायचे काही रॅम्प पाण्यापर्यंत पोचतच नव्हते. त्या हिवाळ्यात डोंगरांवर दणकून बर्फ पडला आणि जुलैपर्यंत पाणी साठ फुटांहून जास्त चढलं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मित्राचा सल्ला (माझासुद्धा) आंधळेपणाने घेऊ नका. कुठला रॅम्प चालू आहे ते राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर असतं, निघायच्या आठवड्यात पुन्हा बघा.

वाहवीप या बोटींच्या धक्क्याहून पाद्रे बे या खाडीकडे जायला कॅसल रॉक कट नावाची जवळची वाट आहे. पाणी उतरलं की ती कोरडी पडते आणि मग मोठा वळसा पडतो. तेलाचा हिशोब त्याप्रमाणे करा.

जूनचं म्हणाल तर पहिला पंधरवडा घ्या. बर्फाचं पाणी येत असतं, पोहण्याइतकं ऊबदार झालेलं असतं आणि पावसाळी ढग अजून आलेले नसतात. ऊन मात्र कडक असतं. सावली स्वतःची न्यायची.

सॅन होजेहून

आम्ही चार कुटुंबं मिळून तीन रात्री हाउसबोट घेतली होती. वर काकांनी पातळीचं लिहिलंय त्याला पूर्ण अनुमोदन. मी नांगराबद्दल लिहिते, कारण ते आम्हाला कोणी नीट सांगितलं नव्हतं.

हाउसबोट संध्याकाळी वाळूच्या काठाला लावायची, आणि नांगर पाण्यात टाकायचे नसतात, काठावर पुरायचे असतात. दोन्ही बाजूंना तिरके दोर ताणून. आमच्या पुरुषमंडळींनी पहिल्या दिवशी गुडघाभर खड्डे खणले आणि वर वाळू लोटली. झालं, म्हणून आम्ही पिठल्याला फोडणी घातली. रात्री दोनच्या सुमारास वारा सुटला. एवढी उंच पेटीसारखी बोट, वारा सगळा भिंतींवर घेते. उजवीकडचा दोर आधी गुणगुणायला लागला, मग वाळू फुगली आणि नांगर उपटून आला. बोटीचं मागचं टोक खडकाच्या दिशेने फिरायला लागलं. मुलं रडतायत, दोघं जण पाण्यात उतरून बोट ढकलतायत, मी टॉर्च धरून उभी. खडक हातभर राहिला होता तेव्हा कुठे वारा जरा पडला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बोटीवरच्या आजोबांनी दाखवलं: खड्डा कमरेइतका हवा, नांगराची दाढ बोटीकडे, आणि वरची वाळू ओली करून पायाने चेपायची. नंतरच्या दोन रात्री दोर हललाही नाही. दोन चांगली फावडी घरून न्या, भाड्याच्या बोटीवरचं आमचं फावडं पहिल्याच खड्ड्यात मोडलं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जनरेटर किंवा इंजिन चालू असताना मुलांना बोटीच्या मागच्या फळीजवळ पोहू देऊ नका. कार्बन मोनॉक्साइड तिथेच साठतो, त्याला वास नसतो, आणि या जलाशयावर त्याने माणसं गेली आहेत. आमचा नियम साधा होता: जनरेटर चालू, तर पाण्यात कोणी नाही. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना लाइफ जॅकेट, नाकं मुरडली तरीही.

वाहवीप आणि बुलफ्रॉग या धक्क्यांच्या मध्ये डँगलिंग रोपला तेलाचा पंप होता, तो २०२१ मध्ये बंद पडला. आम्ही गेलो तेव्हाही बंदच होता.

डॅलसहून

घड्याळ! ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, युटा आणि नवाहो प्रदेश करतात, आणि जलाशयाजवळचं पेज गाव ॲरिझोनात, पण सीमेजवळ. माझा फोन कुठल्या टॉवरला लागेल त्याप्रमाणे तासाने उड्या मारत होता. अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीच्या सहलीची वेळ चुकली, पैसे गेले. मनगटी घड्याळ पेजच्या वेळेला लावा आणि फोनकडे बघू नका.

सिॲटलहून

आईला रेनबो ब्रिजला नेलं होतं, तिचं वय तेव्हा ७१. वाहवीपहून पाण्याने सुमारे पन्नास मैल, मग थोडं चालणं. किती चालणं, ते पुन्हा पातळीवरच. आधी विचारून घ्या, बाबांच्या गुडघ्यांसाठी हे फार गरजेचं आहे. तिथे २९० फूट उंच दगडी कमान आहे. नवाहो आणि इतर जमातींना ती पवित्र आहे, म्हणून तिच्याखालून जाऊ नका अशी विनंती केलेली असते. काही जण तरी फोटोसाठी पुढे गेले, मला फार वाईट वाटलं. आईने लांबूनच चपला काढल्या, हात जोडले आणि दगडावर बसून राहिली. परतीच्या बोटीत ती कोणाशी बोलली नाही.

लॉस एंजेलिसहून

कायाकने अँटिलोप कॅन्यनच्या पाण्याच्या बाजूने आत गेलो. सकाळी सहाला निघालात तर पाणी आरशासारखं असतं, दुपारी वारा आणि मोटरबोटींच्या लाटा. जुलै ते सप्टेंबर मात्र आकाशाला फार जपा. १९९७ च्या ऑगस्टमध्ये लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटक गेले. पाऊस तिथे फारसा नव्हताच, लांब वरच्या अंगाला पडला होता. वाटाड्या नको म्हणाला तर वाद घालू नका.

टोरांटोहून, मूळची इंदापूरची

उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, ते बघायला लहानपणी आजोबा न्यायचे. पॉवेलच्या तांबड्या कड्यांवर पांढरा पट्टा दिसला, पाणी कुठवर होतं त्याची खूण, आणि मला आजोबाच आठवले. इथेही पाणी उतरलं की कॅथीड्रल इन द डेझर्टसारख्या बुडालेल्या घळी उघड्या पडतात. तुमच्या बाबांना तो पट्टा बोटीतून नक्की दाखवा, त्यासाठी चालावं लागत नाही.

पुन्हा फिनिक्सहून

एक राहिलं. काठावर क्वागा शिंपल्यांचे टरफलांचे थर असतात, पत्र्यासारखे कापतात. माझ्या मुलाच्या टाचेला तीन टाके पडले. आईंसाठी पाण्यात घालायचे बूट आत्ताच घेऊन ठेवा. आणि लोन रॉक या किनाऱ्याच्या वाळूत साधी गाडी घालू नका, अगदी काठापर्यंत चाकांचे माग दिसले तरी.