१८ जीबीचा ऑर्थो: अखंड द्यायचा की तुकडे करून?

रानवाट:
परवा १८० हेक्टरच्या दगडखाणीवर ड्रोन उडवला आणि फोटो जोडून ऑर्थो, म्हणजे मापात बसवलेला हवाई फोटो-नकाशा, केला. जमिनीवर पिक्सेल २ सेंमीचा. हेक्टरी अडीच कोटी पिक्सेल, चार बँड (लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकतेचा) धरले की १०० एमबी. म्हणजे न दाबलेला (कॉम्प्रेस न केलेला) ऑर्थो १८ जीबी. क्लायंटच्या साहेबांनी तो कॅडमध्ये, म्हणजे आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ओढला. चहा येऊन गार झाला तरी पडदा पांढराच. वर मलाच ऐकवलं, "फाइल खराब दिलीत हो." यापुढे ५०० मीटरचे चौकोनी तुकडे आणि सोबत सूचिनकाशा. अखंड फाइल ही आपली हौस, त्यांची गरज नाही. पटतंय का?

खडकफोड्या:
अजिबात नाही. दोष आकाराचा नाही, आतल्या मांडणीचा आहे. ओव्हरव्ह्यू (चित्राच्या आधीच करून ठेवलेल्या लहान प्रती) नसतील तर अख्खी खाण एका नजरेत दाखवायला संगणक सगळे १८ जीबी वाचत बसणार. फाइल एकच ठेवून आतून ५१२ पिक्सेलच्या टाइल (चौकोनी कप्पे) करा, ओव्हरव्ह्यू घाला. आकार एक तृतीयांशाने वाढेल, पण जेवढं दिसतंय तेवढंच वाचलं जाईल. जीडालमधून (नकाशाच्या फाइली बदलायचं मोफत साधन) सीओजी, म्हणजे अशाच मांडणीची टिफ फाइल, काढलं की दोन्ही आपोआप होतं. तुकडे केलेत तर खाणीचा कडा नेमका चार तुकड्यांच्या सांध्यावर येतो, हे लिहून ठेवा.

मोजणीताई:
सीओजीचं पुराण आम्हालाही पाठ आहे हो. पण साहेबांकडे क्यूजीआयएस (नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर) आहे का? साध्या टिफमधले पत्ते (फाइलमध्ये कुठे काय आहे ते सांगणारे आकडे) ३२ बिटांचे, ते ४ जीबीला संपतात. त्यापुढे बिगटिफ, म्हणजे मोठ्या फाइलींसाठीचं टिफ. जुन्या कॅडला ते कळतच नसेल तर टाइल करा नाहीतर आरती करा. आधी फोन करून व्हर्जन विचारा.

धुरळा:
दाबण्याबद्दल कुणीच बोलत नाहीये. ड्रोनमधून फोटो आले तेच बहुधा जेपीईजीत, मग ऑर्थोपाशी लॉसलेसचं (काहीही न गमावता दाबण्याचं) सोवळं कशाला? क्वालिटी ८५ ठेवली तर साधारण दहावा हिस्सा उरतो. चौथ्या बँडचा मास्क (कुठला भाग रिकामा ते सांगणारा थर) तेवढा करा, नाहीतर कडेने काळी झालर येते.

खडकफोड्या:
सोवळं नाही राव. ५० सेंमीची जीसीपीची (जमिनीवर मोजून ठेवलेल्या खुणेची) पाटी म्हणजे जेमतेम २५ पिक्सेल. जेपीईजीत तिच्या कडा विस्कटतात. उद्या हद्दीचा वाद निघाला की झूम करून तीच पाटी बघतात. द्यायला जेपीईजी चालेल, मूळ लॉसलेस प्रत मात्र आपल्या डिस्कवर हवी.

धुरळा:
आणि त्या डिस्कचे पैसे कोण देणार? मी कोटेशनमध्येच लिहितो: मूळ फाइल ६ महिने, नंतर पुसणार.

रानवाट:
ताई, फोन केला. कॅड जुनंच निघालं, बिगटिफ घेत नाही. जेपीईजीत दाबून १.९ जीबीची एकच फाइल दिली, लगेच उघडली. खडकफोड्या, एवढ्यात पेढे वाटू नका. पुढचं काम ९०० हेक्टरचं आहे, साहेब तेच आणि कॅडही तेच. दाबूनही साडेनऊ जीबी होणार. तुकडेच करतोय.