जुन्या पिकअपचा गिअर बॉक्स कुठला हे ओळखायचं कसं? तिसरा करकरतोय

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. गाडी जीपच्या घराण्यातली जुनी डिझेल पिकअप, ९६ ची, बाबांची. सीझनला बागेतून आंब्याच्या पेट्या, बाकी वर्षभर चिरे, वाळू, गणपतीत माटवीचं सामान, सगळं हिनेच ओढलंय. पुढचे चार गिअर आणि रिव्हर्स. आता दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना कर्र्र करते, सकाळी थंड असताना जास्तच, आणि लोड घेऊन घाटी चढताना खालून हूंऽऽ असा आवाज येतो. खरी भानगड पुढेच आहे. बाबांनी मागे कधीतरी जुन्या बाजारातला बॉक्स बसवलेला आणि कुठला ते आता त्यांनाही आठवत नाही, खाऱ्या हवेने बॉक्सवरची नावाची प्लेट कधीच गळून पडली. दुकानात गाडीचं मॉडेल सांगून सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारी पितळी रिंग) आणली तर ती आमच्या मेकॅनिकने नुसती बघूनच बाजूला ठेवली, म्हणाला ही ह्यातली नव्हे. आणि आता तोच म्हणतोय पूर्ण बॉक्सच बदल, पंचवीस हजार. गणपतीच्या आधी गाडी पायावर उभी करायचीय. काय करू?

जुनं_डिझेल:
बॉक्स उतरवायच्या आधी अर्धा तास दे आणि एवढं बघून सांग.
इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून मनात पाच मोज आणि मग रिव्हर्स टाक. रिव्हर्सला बहुतेक जुन्या बॉक्समध्ये सिंक्रो नसतो, त्यामुळे तिथे खर्र झालं तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, बॉक्सचा दोष नाही. मग आधी क्लचचं फ्री प्ले (पेडलची मोकळी चाल) बघ, हायड्रॉलिक असेल तर वरचा-खालचा सिलिंडर बघ.
मग न्यूट्रलमध्ये क्लच सोडून आवाज ऐक आणि पेडल दाब. दाबल्यावर आवाज गेला तर बॉक्सच्या आतलं बेअरिंग, दाबल्यावर उलट सुरू झाला तर क्लच दाबणारं रिलीज बेअरिंग.
आणि सगळ्यात महत्त्वाचं, चौथ्यात तो हूं आवाज येतो का? चार गिअरच्या बॉक्समध्ये चौथा म्हणजे डायरेक्ट, पुढचा शाफ्ट आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जोडलेले, बाकीच्या गिअरमध्ये ताकद ज्यातून जाते त्या खालच्या काउंटर शाफ्टवर लोडच नसतो. पहिला-दुसरा-तिसऱ्यात आवाज आणि चौथ्यात गप्प, असं असेल तर काउंटर शाफ्टची बेअरिंगं समज.

व्हाळापलीकडे:
खाडीकाठ भाऊ, माका पण मेस्त्रीन असोच घाबरवल्यान. बॉक्स उतरवलो, खोललो, दोन दिवस अंगणात पडान होतो, आणि बिघाड खय मिळालो? क्लचच्या खालच्या सिलिंडरात. शेंगदाण्याएवढा रबर गेलेला! आधी तेल काढून बघ. आणि काढूच्या आधी भरूचो नट सुटता काय ता बघ, नायतर सगळा तेल खाली आणि भरूक जागाच नाय. माझी गाडी आठ दिवस थयच होती, पावसात.

खाडीकाठ:
केलं सगळं. रिव्हर्स गप पडतो, म्हणजे क्लच ठीक. न्यूट्रलमध्ये बारीक घरघर आहे आणि पेडल दाबलं की जाते. चौथ्यात आवाज जवळजवळ नाहीच!! भरायचा नट सुटायला तासभर गेला, शेवटी पान्याला पाइप घालून दोघांनी ओढला. आणि तेल बघून पोटात गोळा आला, दुधाचा चहा निघाला हो. खाली थोडं पाणी वेगळं, आणि ट्रेमध्ये उन्हात धरल्यावर सोनेरी चुरा चमकतोय. ड्रेन नटच्या चुंबकाला राखाडी लेप आहे आणि तांदळाच्या कणीएवढे दोन तुकडे. गेल्या जुलैत व्हाळ फुगलेला असताना गाडी घातली होती, पाणी जवळपास दारापर्यंत होतं, त्याचं तर नाही ना हे?

जुनं_डिझेल:
त्याचंच. गरम बॉक्स गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते, वरचा ब्रीदर (हवा ये-जा करायचं भोक) चिखलाने बुजलेला असला की मग ती सीलच्या कडेने पाणी ओढून घेते. पाऊसभर ते आत राहिलं, बेअरिंगला गंज चढला. सोनेरी चुरा म्हणजे पितळी रिंग, तो चुंबकाला लागत नाही. राखाडी लेप चालतो, तुकडे नाही चालत. उतरव आता, पण बदलू नको, हाऊसिंग आणि गिअरचे दात शाबूत असतील तर हा बॉक्स सुधारण्यासारखा आहे.

घाटमाथा:
कोल्हापूरहून लिहितोय. नावाच्या मागे फार लागू नका. जीपवाल्या गाड्यांमध्ये तीन गिअरचा टी-९०, मूळ प्यूजोचा बीए-१०, केएमटी-९० असे बॉक्स आले, बोलेरोच्या काळात पाच गिअरचे एनजीटी, आणि जुन्या बाजारात लोकांनी कुठल्याही गाडीत कुठलाही घातलाय. तुमच्याकडे चार गिअर म्हणजे टी-९० आणि पाचवाले बाद झाले, एवढं तरी कळलं.
बाकी बॉक्स स्वतःच सांगतो. हाऊसिंगवर मातीचा थर असतो त्याच्याखाली ओतकामातला नंबर असतो, डिझेलने धुवा, वायरब्रशने घासा, खडू फिरवा, अक्षरं उठून दिसतात, मग फोटो काढा. पुढच्या शाफ्टचे आटे मोजा (स्प्लाइन हो, म्हणजे शाफ्टवरचे लांब उभे दात, थ्रेड नाही, इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो). बॉक्स टेबलावर आला की पहिल्या गिअरमध्ये टाका, दोन्ही शाफ्टना खडूची खूण करा आणि मागचा बरोब्बर दहा वेळा फिरेपर्यंत पुढचा किती फिरतो ते मोजा, दहाने भागा, झाला तुमचा रेशो. असं प्रत्येक गिअरचं. ही यादी घेऊन गेलात की पार्टवाला डोकं खाजवत बसत नाही.
बेअरिंगला तर नाव लागतच नाही. कडेवर नंबर कोरलेला असतो, ६२०७, ६३०६ असा काहीतरी. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा पुढचे असले तर त्यांना पाचने गुणलं की आतलं भोक मिलिमीटरमध्ये, ०६ म्हणजे ३०, ०७ म्हणजे ३५. बेअरिंगच्या दुकानात नंबर द्या, गाडी विचारणारही नाही. रिंग मात्र जुनीच नमुना म्हणून आणा. गगनबावड्यावरून या, उद्यमनगरात फिरा, मिळेल.

खाडीकाठ:
रिंग नवीनच घालू की जुनी चालेल हे कसं ठरवायचं?

जुनं_डिझेल:
रिंग गिअरच्या कोनावर बोटांनी दाबून बसव आणि फिरवायला बघ, चांगली रिंग पकडते, गेलेली सरकते. मग रिंग आणि गिअरचे दात ह्यांमधली फट फीलर गेजने (पातळ पात्यांचं माप) मोज. नव्या रिंगेला बहुतेक बॉक्समध्ये एक मिलिमीटरच्या आसपास असते, अर्ध्याच्या खाली गेली तर भंगारात. तिसऱ्याची बदलतोस तर चौथ्याचीही बदल, एकाच हबवर आहेत, पुन्हा कोण खोलणार.
आणि तेल! मागच्या ॲक्सलच्या हाऊसिंगमधलं, म्हणजे क्राउनमधलं (डिफरन्शियलचं) उरलेलं तेल बॉक्समध्ये ओतू नकोस, आपल्याकडे सर्रास ओततात. ते जीएल-५ दर्जाचं, त्यात गंधक-फॉस्फरसचा मसाला जास्त, पितळेला सोसत नाही आणि रिंगला जी घासण लागते तीच मिळत नाही. डब्यावर ८०डब्ल्यू-९० आणि जीएल-४ लिहिलेलं बघून घे.
उतरवताना बॉक्स एकट्या पुढच्या शाफ्टवर लोंबकळू देऊ नको, क्लच प्लेट वाकते.

व्हाळापलीकडे:
आणि फोटो टाक रे. नुसता लिवलेला वाचून काय कळता.

खाडीकाठ:
अपडेट. काउंटर शाफ्टच्या दोन्ही बेअरिंगांवर गंजाचे खड्डे, एक हातात फिरवलं तर वाळू दळल्यासारखं. नंबर ६३०६ निघाला, दोन्ही कुडाळातच मिळाली. रिंगसाठी कोल्हापूरला गेलो, तिसऱ्या दुकानात जुनीवर नवी ठेवून मिळाली, दुकानदार बॉक्सचं नाव विचारतच होता, मी सांगितलं रेशो घ्या. तिसऱ्याची फट मोजली तर गेजची सगळ्यात पातळ पातीच जेमतेम गेली. गिअरचे दात बरे आहेत, सील तीन बदलली. टेबलावर हाताने फिरवून चारही पडतायत, रिव्हर्सही. बसवायचं रविवारी, चुलतभाऊ येतोय मुंबईहून, एकट्याने उचलत नाही.

घाटमाथा:
ब्रीदरचं काय केलंत?

खाडीकाठ:
साफ केला आणि नळी लावून वर केबिनच्या मागे नेऊन बांधली. आता व्हाळ तिथपर्यंत आला तर गाडी सोडून मीच पोहणार.