नाव कापून वापरलेले छायाचित्र: तक्रार करावी की सोडून द्यावे?

नेरुळकर: नवी मुंबईत नेरुळच्या डीपीएस तलावावर मी टिपलेले रोहित पक्ष्यांचे छायाचित्र नुकतेच एका बांधकाम व्यावसायिकाच्या समाजमाध्यमावरील जाहिरातीत झळकले. परवानगी मागितली नव्हतीच, शिवाय कोपऱ्यातले माझे नाव दिसू नये म्हणून चित्राची खालची कड छाटली होती आणि तिच्याबरोबर पक्ष्यांचे पायही गेले होते. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार छायाचित्रावरील हक्कासाठी नोंदणीची अट नाही आणि तो हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. तरीही ‘इंटरनेटवर टाकले म्हणजे ते सर्वांचे’ असे सुशिक्षित माणसेही बिनदिक्कत म्हणतात. असा वापर दिसला की प्रत्येकाने तक्रार केलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

ऐरोलीकर: मला हे पटत नाही. २०२४ मध्ये भरतीचे पाणी अडून हाच तलाव कोरडा पडला, तेव्हा त्याची छायाचित्रे हातोहात पसरली म्हणूनच घराघरांत त्याची चर्चा झाली. प्रत्येकजण परवानगीसाठी थांबला असता, तर ती हाक किती जणांपर्यंत पोहोचली असती? वॉटरमार्क, म्हणजे चित्रावर उमटवलेली नावाची खूण, मोठा टाकला तर चित्राची रया जाते, लहान टाकला तर तो कापला जातो, आणि कोर्टकचेरीचा खर्च सामान्य माणसाला झेपत नाही. त्यापेक्षा चित्रे सर्वांना मोकळी करावीत.

वाशीची वाचक: लेखांचे हाल याहून वाईट आहेत, कारण तिथे लेखकाचे नाव पुसायला कात्रीही लागत नाही. समीक्षेसाठी किंवा बातमीसाठी उतारा घेण्याची मुभा कलम ५२ देते, पण अख्खा लेख उचलून स्वतःच्या नावावर खपवणे त्यात कसे बसेल?

नेरुळकर: ऐरोलीकर, तलावासाठी कोणी चित्र मागितले तर मी आजही विनामूल्य देईन, पण ते मोकळे करायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार काढणाऱ्याचाच असला पाहिजे. लोकांचे आंदोलन आणि सदनिका विकणारी जाहिरात यांना आपण एकाच मापाने मोजू नये. राहिला खर्चाचा प्रश्न, तर पहिले पाऊल दाव्याचे नसते. २०१३ च्या कॉपीराइट नियमांप्रमाणे रीतसर लेखी तक्रार मिळाल्यावर, वापरकर्त्यांचा मजकूर साठवणाऱ्या माध्यमाने तो ३६ तासांत दिसेनासा करायचा असतो. निर्मात्याची ओळख सांगणारी माहिती जाणूनबुजून काढून टाकणे हा कलम ६५-ब नुसार गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून पुराव्यासाठी कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल (कोणतीही प्रक्रिया न केलेली) जपून ठेवावी आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह घ्यावा.

ऐरोलीकर: नाव कापणे गैर आहे, याबद्दल वाद नाही. पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश हाती आला नाही, तर तोच मजकूर पुन्हा दाखवण्याची मोकळीक त्या माध्यमाला मिळते, हेही सांगायला हवे होते. नोकरी सांभाळून इतक्या दिवसांत आदेश आणणार कोण?

नेरुळकर: अडचण खरी आहे. मात्र कलम ६२ मुळे वादी राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, जाहिरातदाराच्या गावी खेपा घालाव्या लागत नाहीत. मी नोटीस पाठवली आहे.