मदत हवी आहे: ‘ब्रेकर मोरांट’ची पाल (PAL) व्हीएचएस टेप, फील्ड जुळवल्यावरही कटवर कंगवा

१९८० चा ऑस्ट्रेलियन चित्रपट, बोअर युद्धातलं कोर्टमार्शल. कॅप्चर ७२०×५७६, २५ फ्रेम, लॉसलेस (काही न गमावता साठवणारा) हफयूव्ही कोडेक, मध्ये टीबीसी (टेपच्या सिग्नलची वेळ स्थिर करणारं यंत्र). फिल्म २४ ची, टेपवर २५ ने पळवलेली. पण फील्ड (फ्रेमचे एकाआड एक रेघांचे दोन अर्धे भाग) एकाने सरकलेत, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन शेजारच्या फिल्म-फ्रेमचे अर्धे भाग येतात. त्यामुळे साक्षीदार स्थिर बसलेला असताना चित्र स्वच्छ, आणि कॅमेरा फिरला की खाकी गणवेशाच्या कडांना कंगव्याचे दात.

हे खरं इंटरलेसिंग (दोन्ही फील्ड वेगवेगळ्या क्षणांची) नाही, म्हणून क्यूटीजीएमसी हा डीइंटरलेस फिल्टर नको. उगाच तपशील पुसतो. व्हेपरसिंथमध्ये (व्हिडिओ प्रक्रियेचं स्क्रिप्ट साधन) व्हीएफएम हा फील्ड जुळवणारा फिल्टर, ऑर्डर १ (वरचं फील्ड आधी) दिल्यावर बहुतेक फ्रेम जुळल्या. उरतात त्या कटच्या फ्रेम: वरचं फील्ड एका शॉटचं, खालचं दुसऱ्याचं, जोडीदारच नाही. अशा एकट्या फील्डचं काय करावं? तेवढीच फ्रेम एनएनईडीआय३ ने (एका फील्डवरून उरलेल्या रेघा अंदाजाने भरणारा फिल्टर) भरावी, की शेजारची दुहेरी करावी? फ्रेम काढून टाकायची नाही, आवाज सरकतो.

दुसरं, खालच्या ८-१० रेघांत हेड-स्विचिंगचा (व्हीसीआर एका हेडवरून दुसऱ्यावर जातानाचा) गोंधळ आहे. तो भाग मास्कने वगळूनच कंगवा मोजावा का?

शेवटी वेग २४ वर आणताना आवाज ०.९६ पटीने रिसॅम्पल करणार. स्वर साधारण ०.७ सेमीटोन उतरून मूळचा होईल. टाइमस्ट्रेच (स्वर तोच ठेवून लांबी बदलणं) मुद्दाम टाळतोय.