हॉटेल मॅनेजमेंट करून इव्हेंटमध्ये जायचंय, घरचे म्हणतात वाढपी व्हायला डिग्री कशाला

द्राक्षबाग_तासगाव

नमस्कार. मी तासगाव तालुक्यातली, यंदा १२ वी कॉमर्स झाली, सांगलीत हॉस्टेलला होते. मला हॉटेल मॅनेजमेंट करायचंय आणि त्यातही इव्हेंटची बाजू, म्हणजे लग्नं, कॉन्फरन्स असलं. मागच्या वैशाखात चुलत बहिणीच्या लग्नात वऱ्हाडाच्या गाड्या, मेकअपवालीला आणायला कोण जाणार, रुखवत कुठं मांडायचं, भटजींचा चहा, सगळं मी एका वहीत वेळ टाकून लिहिलं होतं आणि १२:३५ च्या मुहूर्ताला खरंच १२:३५ ला अक्षता पडल्या. आमच्या भावकीत असं आधी कधी झालेलंच नाही. तेव्हापासून हेच डोक्यात बसलंय.

आता घोळ असा की पप्पा म्हणतात चार वर्षं पैसे घालून शेवटी पंगतीत वाढायलाच जाणार ना, ते काम गावातली पोरं हजेरीवर करत्यात. दुसरं म्हणजे आजी आणि पप्पा दोघंही माळकरी, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही आणि मैत्रीण सांगत होती की कॉलेजात चिकन मटण स्वतः कापायला लागतं. तिसरं, नुसता इव्हेंटचा एक वर्षाचा डिप्लोमा करू का हॉटेलची डिग्री? आणि मुलींना नाइट शिफ्टचं काय? ज्यांनी केलंय त्यांनी खरं खरं सांगा, कॉलेजच्या पत्रकातलं नको.


कांदीपेढा

मी साताऱ्याचा, बीएचएमसीटी म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटची डिग्री चार वर्षांची केलेली, सध्या महाबळेश्वरात एका रिसॉर्टला फ्रंट ऑफिसला, म्हणजे रिसेप्शनला आहे. खरं सांग म्हणालीस म्हणून सांगतो, पहिल्या वर्षी तुला इव्हेंट औषधालापण दिसणार नाही. फूड प्रॉडक्शन म्हणजे किचन, एफ अँड बी सर्व्हिस म्हणजे खाणंपिणं वाढायचं खातं, हाउसकीपिंग म्हणजे खोल्यांची साफसफाई आणि फ्रंट ऑफिस ही चार खाती, चारहीत राबायचं. मला आठवतंय पहिला महिना नुसता कांदा, आधी लांब काप, मग बारीक चौकोन, आणि सर पट्टी घेऊन यायचे, एक तुकडा मोठा दिसला की ताटली परत. हाउसकीपिंगला बेड करायला शिकवतात तेव्हा चादरीचा कोपरा ४५ अंशात दुमडून गादीखाली घालायचा असतो, पाकिटासारखा. मी १९ वर्षांचा होईपर्यंत घरी स्वतःचं अंथरूण कधी काढलेलं नव्हतं, आई प्रॅक्टिकलचा फोटो बघून पाच मिनिटं हसत होती.

मग येतं इंडस्ट्रियल ट्रेनिंग. चार-पाच महिने मोठ्या हॉटेलात, स्टायपेंड म्हणजे प्रवासखर्च निघाला तरी नशीब, आणि ब्रेक शिफ्ट लागली तर सकाळी ११ ते ३ आणि परत संध्याकाळी ७ ते ११, मधले चार तास ना घर ना काम. आमच्या बॅचमधली निम्मी पोरं इथंच गळाली. मुलींच्या नाइटचं म्हणशील तर बऱ्याच हॉटेलात रात्री सोडायला गाडी असते, पण ऑफर घेताना तोंडी नको, लिहून घे.

माळेचं. आमच्या वर्गात कराडची एक मुलगी माळकरी होती. चिकनच्या प्रॅक्टिकलला सर तिचा पार्टनर बदलून द्यायचे आणि तिला भाजी नाहीतर गोडाच्या टेबलाला लावायचे. सगळीकडे असं ऐकतीलच असं नाही, ॲडमिशनच्या आधी एचओडींना म्हणजे विभागप्रमुखांना सरळ विचार, लाजू नको. ती मुलगी आता फ्रंट ऑफिसला आहे, तिचा मांसाशी काही संबंधच येत नाही.

आणि पप्पांना एवढंच विचार की ५० खोल्यांच्या हॉटेलात जुलैच्या पावसात ३० खोल्या ४ हजारानं गेल्या तर धंदा बरा का वाईट. हॉटेलवाला हिशोब मांडतो की ऑक्युपन्सी, म्हणजे भरलेल्या खोल्या, ६० टक्के, म्हणून रिकाम्या धरून एका खोलीमागं २४०० पडले. याला रेव्हपार म्हणतात. मग वीकेंडला भाव किती चढवायचा, पुण्याच्या एखाद्या कंपनीची मीटिंग मंगळवारी घेतली तर खोलीचं भाडं किती सोडायचं आणि जेवणात किती काढायचं, हे सगळं त्यावर ठरतं. आमच्याकडं मे महिन्यात माशी मारायला वेळ नसतो आणि जुलैत माशीच मारत बसतो, त्यामुळं हा आकडा मला झोपेतपण दिसतो. तुला इव्हेंटमध्ये जायचंय तर हे पहिलं शीक, कारण हॉटेलातले इव्हेंट बहुतेक ह्याच रिकाम्या दिवसांसाठी शोधले जातात.


भटारखाना

बाळ, मी सांगलीत ३० वर्षं केटरिंग करतोय, माझ्याकडं डिग्री नाही. तुझ्या पप्पांचं निम्मं बरोबर आहे. वाढायला डिग्री लागत नाही. पण किती वाढायचं याला लागते, हे मला म्हातारपणी कळलं.

आम्ही पानावर चालतो, १०० पानाला ८ किलो तांदूळ, बाकी सगळं हातानं आणि नजरेनं. माझा पुतण्या हॉटेल मॅनेजमेंट करून आला, ९०० पानांचं लग्न होतं, सकाळी सकाळी वजनकाटा घेऊन श्रीखंडाच्या पळीमागं लागला. मी म्हटलं याला काय खुळ लागलं. पळीत ९० ग्रॅम यायचं. त्यानं ६० ग्रॅमची पळी आणली आणि वाढप्यांना सांगितलं, परत मागितलं तर हसत वाढा पण पहिल्यांदा एकच. कागदावर ९०० गुणिले ३० म्हणजे २७ किलो, त्यातलं मागून घेणाऱ्यांचं जाऊन पंधरा-सोळा किलो श्रीखंड वाचलं आणि उष्ट्याच्या बादलीत रोज जे पांढरं दिसायचं ते दिसलं नाही. मी ३० वर्षं ते बादलीत ओतत होतो.

दुसरं सांगतो, हे माझंच पाप आहे. पनीरची भाजी सकाळी ९ ला उतरवली, वरात लांबली, जेवणं ३ ला. झाकून ठेवली होती, कोमट होती, वास घेतला तर आंबूस. दोन पातेली ओतून दिली आणि पोरांना पळवून बटाटे आणले. नंतर पुतण्यानं सांगितलं की ५ ते ६० डिग्रीच्या मधे अन्न ठेवलं की जंतूंची जत्रा भरते, एकतर वाफाळतं ठेवा नाहीतर चटकन गार करा, कोमट झाकून ठेवणं सगळ्यात वाईट. आता भटारखान्यात थर्मामीटर आहे, आचारी त्याला डॉक्टरची नळी म्हणतो.


द्राक्षबाग_तासगाव

काका, पप्पांना वाचून दाखवते हे. कांदीपेढा दादा, रेव्हपार दोनदा वाचलं तेव्हा समजलं. पण अजून इव्हेंटचा डिप्लोमा की डिग्री ते कुणी बोललंच नाही.


मिरजेची_मंडपवाली

मी बोलते. मूळची मिरजेची, आता पुण्यात इव्हेंटमध्ये, डिप्लोमाच केलाय मी, आणि मागं वळून बघता डिग्री करायला पाहिजे होती. डिप्लोमात स्टेज, लाइट, थीम, स्पॉन्सर, सूत्रसंचालन सगळं असतं पण किचनकडून काय मागायचं आणि किती वाजता मागायचं ते मला पहिली तीन वर्षं शेफच्या शिव्या खाऊन शिकावं लागलं. हॉटेलातून बॅंक्वेटला, म्हणजे समारंभाच्या हॉलच्या कामाला, आलेली मुलं तिथंच पुढं निघून जातात. तुझी ती वेळ टाकलेली वही आहे ना, हॉटेलात तिला फंक्शन प्रॉस्पेक्टस म्हणतात, एफपी. त्यात किती पॅक्स म्हणजे माणसांची गॅरंटी, जेवण कधी उघडायचं, माइक किती, कुठल्या खात्यानं काय करायचं सगळं एका कागदावर असतं आणि त्याच्या प्रती किचन, हाउसकीपिंग, सिक्युरिटी सगळ्यांना जातात. तू ते न शिकता केलंस म्हणजे डोकं त्याच रस्त्याला आहे.

बाकी इव्हेंटमधे अर्धा वेळ परवानग्यांत जातो. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हे २००० सालच्या ध्वनी प्रदूषणाच्या नियमात आहे, नवरदेवाचा मामा कितीही चिडला तरी. लग्नात गाणी वाजवायला कॉपीराइटवाल्यांचं लायसन लागत नाही, तशी सूट कायद्यातच आहे, पण कंपनीच्या पार्टीला लागतं. नवी मुलं इथं हमखास फसतात. आणि आपण सांगली मिरजेची माणसं, विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सांगलीत नाटक उभं केलं, माणसं जमवून वेळेवर पडदा वर नेणं आपल्या पाण्यातच आहे. वेळेवर हा शब्द मी जरा जास्तच बोलले.


कोल्हापूर_मास्तर

मी शिकवतो म्हणून फक्त ॲडमिशनचं सांगतो. दोन रस्ते आहेत. एक केंद्राचा, एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा, त्यातून दादर, गोवा अशा आयएचएममध्ये, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटच्या संस्थांत, तीन वर्षांची बीएससी. इंग्रजी, रीझनिंग, आकडेमोड, जीके आणि सेवा क्षेत्राची ॲप्टिट्यूड असते, फिजिक्स केमिस्ट्री नाही, कॉमर्सवाल्यांनी घाबरू नये. दादरचं कॉलेज १९५४ चं, जुने लोक अजून कॅटरिंग कॉलेजच म्हणतात. दुसरा राज्याचा, बीएचएमसीटीची सीईटी, मग कॅप राउंड म्हणजे राज्याची एकत्रित प्रवेशफेरी, चार वर्षं, पुण्याला शिवाजीनगरचं सरकारी कॉलेज ह्यातच येतं.

मुलीच्या पालकांनी हे नीट वाचा. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण ॲडमिशन कॅपमधून पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यात घेतली की गेलं. दरवर्षी दोन-तीन पालक आधी कोट्यात पैसे भरतात आणि मग माझ्याकडे येऊन बसतात. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, ऐन वेळी तहसीलला रांग असते.

माळेबद्दल, अहमदाबाद, भोपाळ, जयपूरच्या आयएचएमनी शाकाहारी कुकिंगचा पर्याय दिलेला आहे. एवढ्या लांब जायची तयारी असेल तर चौकशी कर.


सज्जनगड_पायऱ्या

एकच भर घालतो. ट्रेनिंगच्या वेळी कुणी एजंट येऊन परदेशात इंटर्नशिप देतो, दीड लाख भरा म्हणाला तर आधी कॉन्ट्रॅक्ट बघ, व्हिसा कशाचा आहे ते बघ. माझ्या भावाला ट्रेनी म्हणून नेला आणि आठ महिने भांडी घासायला लावली. भांडी घासण्यात कमीपणा नाही, पण दीड लाख भरून?


द्राक्षबाग_तासगाव

काल रात्री पप्पांना सगळं वाचून दाखवलं. रेव्हपारला नुसतं हं म्हणाले. श्रीखंडाचं ऐकल्यावर मात्र उठून बसले, म्हणे आपण द्राक्षाची पेटी भरतो तेव्हापण हेच, पेटीमागं चार घड जास्त गेले की सीझनला किती जातंय कधी मोजलंय का. दाखल्याला सोमवारी तहसीलला जाणारेत स्वतः. आजीला अजून सांगितलेलं नाही, आधी कॉलेजात विचारते मग बघू.

काका, तुमच्याकडं एखादं लग्न आतून बघायला आले तर चालेल का? मधे मधे करणार नाही.


भटारखाना

ये की. २८ ला ९०० पानं आहेत. भटारखाना पहाटे ४ ला पेटतो, ४ म्हणजे ४. पप्पांनापण आण, चहा घेऊ. चप्पल नको, बूट घालून ये, तेलाची फरशी असते. आणि ती वही घेऊन ये.