घाट चढताना गाडी नुसती ओरडते, स्पीड घेत नाही. क्लच प्लेट गेल्या का?

कुंभार्ली_रायडर

मंडळी नमस्कार. गाडी म्हणजे बाइक, १५० सीसी, एअर कूल्ड, पाच गिअर, २०१७ची, रीडिंग ४१ हजाराच्या पुढे गेलंय. चिपळूण-कराड येणंजाणं बरंच असतं म्हणजे कुंभार्ली घाट आलाच, आणि मागे बहुतेक वेळा बायको आणि एक बॅग. गेल्या महिन्याभरापासून असं होतंय की सपाट रस्त्याला गाडी एकदम ओके, पण पोफळी सोडून घाट लागला, इंजिन तापलं आणि तिसऱ्यात अ‍ॅक्सिलरेटर पिळला की आवाज एकदम वाढतो, आरपीएमचा काटा पाच हजारावरून सात हजाराकडे पळतो आणि स्पीड तिथल्या तिथे, ३५. जरा सोडला की परत पकडते. सकाळी थंड इंजिनला हा प्रकार अजिबात नाही. अ‍ॅव्हरेजही पडलंय, ४८-५० मिळायचं ते आता ४२च्या आसपास. एकदा वळणावर थांबलो तेव्हा जळका वास आला पण समोरून ट्रक उतरत होते, त्यांच्या ब्रेकचा पण असेल.

गॅरेजवाल्याने गाडी न खोलता, एक चक्कर पण न मारता सांगितलं की क्लचची पूर्ण असेंब्ली टाकावी लागेल, हाऊसिंगसकट (प्लेट ज्यात बसतात तो डबा), साडेचार हजार. दोन महिन्यांपूर्वी ऑइल त्यानेच बदललं होतं, मोठ्या ड्रममधून मापाने काढून, आणि तेव्हाच गिअर कडक पडतायत म्हणून क्लच वायर पण टाइट केली होती.

प्लेट गेल्यात हे खोलायच्या आधी नक्की कसं ओळखायचं? आणि खरंच सगळी असेंब्ली लागते का?

कराडचा_मिस्त्री

भावा ते साडेचार हजार अजून खिशातच राहू दे. तू लिहिलंयस त्यावरून क्लच स्लिप होतोय, म्हणजे प्लेट घसरतायत आणि इंजिनचा जोर चाकापर्यंत पूर्ण जात नाही, हे तर दिसतंयच, गरम झाल्यावर, चढाला, डबलसीट, वरच्या गिअरला, सगळी लक्षणं तीच. पण स्लिप होतोय म्हणजे प्लेटच संपल्या असं नसतं. वायर टाइट केली आणि त्याच्यापुढे हे सुरू झालं, मग आधी वायर बघायची.

गाडी थंड असताना क्लच लिव्हरचं टोक एका बोटाने हळूच ओढून बघ. सुरुवातीला थोडा भाग मोकळा, हलका यायला पाहिजे आणि मग स्प्रिंगचा जोर लागायला पाहिजे. तो मोकळा भाग म्हणजे प्ले. बहुतेक गाड्यांना लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी देतात, तुझ्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असणार. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पण बघ, वळवल्यावर प्ले संपत असेल तर वायर कुठेतरी अडकतेय किंवा चुकीच्या मार्गाने टाकलीय. प्ले शून्य असेल तर तू लिव्हरला हात न लावता पण क्लच थोडासा दाबलेलाच राहतो, प्लेट पूर्ण आवळल्या जात नाहीत, घासत राहतात, तापतात, आणि चांगल्या प्लेट पण मग जळतात.

आणखी एक, यात लोकांचा कायम गोंधळ होतो. वायर ताणली की प्ले वाढतो. पण प्लेट झिजल्या की प्ले वाढत नाही, कमी होतो, कारण प्लेटींचा गठ्ठा बारीक झाला की प्रेशर प्लेट (गठ्ठा दाबून धरणारी) आत सरकते आणि लिफ्टर (क्लच दाबल्यावर तिला उचलणारा भाग) वायरच्या बाजूला येतो. त्यामुळे वायर न ओढता आपोआप प्ले कमी होत चालला असेल, तुला सारखी वायर सैल करायला लागत असेल, तर मग प्लेट झिजल्या म्हणून समज.

अ‍ॅडजस्टर दोन असतात, एक लिव्हरपाशी, एक खाली इंजिनपाशी. वरचा जवळजवळ पूर्ण आत घे, मुख्य सेटिंग खालून कर, आणि बारीक फरक वरून. लॉक नट आवळायला विसरू नको.

प्ले लावून झाला की गाडी चांगली गरम कर, मोकळा सरळ रस्ता बघ, चौथ्या किंवा पाचव्यात ४०ला चालव आणि एकदम फुल अ‍ॅक्सिलरेटर दे. काटा आणि स्पीड बरोबर चढले तर क्लच पकडतोय. काटा पुढे पळाला आणि स्पीड मागे राहिला तर स्लिप. आणि काटाही चढत नाही, गाडी नुसती दबते, असं असेल तर क्लचला हात लावू नको, एअर फिल्टर, कार्ब्युरेटर तिकडे जा.

हिंजवडी_रोजचा

मिस्त्रींनी वायरचं सांगितलं ते बरोबरच, पण मला त्या ड्रमवाल्या ऑइलचा जास्त संशय येतोय. आपल्या बाइकमध्ये क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारचा तसा नसतो, त्यामुळे कारच्या बऱ्याच पातळ ऑइलमध्ये पेट्रोल वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी केमिकल घातलेली असतात, इंजिनला ते चांगलंच, पण आपल्या क्लचला घर्षणच तर पाहिजे ना. म्हणून जपानमध्ये १९९८ मध्ये टू-व्हीलरच्या ऑइलसाठी जासोचं (गाड्यांची स्टँडर्ड ठरवणारी तिथली संस्था) वेगळं स्टँडर्ड काढलं. डब्याच्या मागे जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं असेल तर गिअरच्या बाइकला चालतं, एमए२ म्हणजे जास्त ग्रिपवालं. एमबी लिहिलं असेल तर ते स्कूटरसाठी, कारण स्कूटरचा क्लच कोरडा, ऑइलबाहेर असतो. ग्रेड (ऑइल किती जाड-पातळ ते) मॅन्युअलमध्ये लिहिलीय तीच घ्यायची, पण नुसती ग्रेड जुळली म्हणजे झालं असं नाही, तीच ग्रेड कारच्या डब्यावर पण असते.

ड्रममध्ये काय होतं हे आता कळणारच नाही त्यामुळे सीलबंद डब्यातलं टाक, डबा तुझ्यासमोर फोडायला सांग, आणि लेव्हल पण बघ. चुकीच्या ऑइलने क्लच सुटत असेल तर कधीकधी नुसतं ऑइल बदलून शे-दोनशे किलोमीटरमध्ये फरक पडतो. जळालेल्या प्लेटला मात्र ऑइल काही करू शकत नाही.

स्पीड_किंग_सांगली

एवढं कशाला, क्लच कव्हर खोल, स्प्रिंगच्या खाली एकेक वॉशर टाक, स्प्रिंग कडक होतात, स्लिप बंद. आमच्याकडे सगळे हेच करतात. प्लेटवर पॉलिश पेपर मारला की अजून वर्ष निघतं.

आयटीआय_वाले_सर

वॉशरचा सल्ला कृपा करून कोणी पाळू नका. वॉशर टाकला की क्लच दाबल्यावर स्प्रिंगला आकसायला जागा कमी पडते, वेटोळी एकमेकांना टेकू शकतात, मग क्लच पूर्ण सुटतच नाही. लिव्हर कडक होते, वायरवर आणि रिलीज बेअरिंगवर जादा ताण येतो, आणि घाटात मध्येच वायर तुटली तर मागे बसलेल्या माणसाचा पण जीव धोक्यात. संपलेली प्लेट संपलेलीच राहते. पॉलिश पेपरचं म्हणाल तर प्लेटची जाडी मापात आहे आणि फक्त वर चकाकी आलीय, अशा वेळी हलका हात मारून काम निघतं, पण ते आधी मोजल्याशिवाय ठरवायचं नाही.

कुंभार्ली_रायडर, वायर आणि ऑइल करूनही स्लिप राहिला तर खोलावंच लागेल, पण खोलताना समोर उभे राहा आणि प्रत्येक भाग मोजायला लावा. आमच्या पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगतो, आधी व्हर्नियर (जाडी मोजायचं माप), मग पाना.

बहुतेक आपल्या गाड्यांचा क्लच उजव्या कव्हरमागे असतो. ऑइल नुकतंच बदललेलं असेल आणि गाडी साइड स्टँडला डावीकडे चांगली कललेली असेल तर ऑइल तिकडे जातं आणि बरंचसं न सांडता कव्हर निघतं, पण खाली ट्रे ठेवाच. कव्हरचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्याच जागी टोचून ठेवायचे. कव्हरच्या डॉवेल पिना (कव्हर जागेवर बसवणाऱ्या छोट्या नळ्या) पडतात त्या सांभाळायच्या. जुनं गॅस्केट (कव्हरखालचं पातळ पॅकिंग) ब्लेडने खरवडलं तर अ‍ॅल्युमिनियमवर चरे पडतात आणि मग तिथून ऑइल पाझरत राहतं, त्यामुळे आधी भिजवून मऊ करून काढा. नवीन गॅस्केट आणून ठेवल्याशिवाय कव्हरला हात लावू नका.

आत दोन प्रकारच्या प्लेट एकाआड एक असतात. घर्षणवाल्या, म्हणजे ज्यांना लायनिंगचे तुकडे चिकटवलेले असतात, आणि साध्या स्टीलच्या. लायनिंगवाल्या चार ठिकाणी मोजायच्या आणि मॅन्युअलच्या लिमिटशी ताडून बघायच्या, नवी आणि संपलेली यात फरक मिलिमीटरच्या काही दशांशांचाच असतो, नुसत्या डोळ्याला तो दिसत नाही. स्टीलची प्लेट जाड काचेवर ठेवून कडेने फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघायची, वाकलेली असेल तर गेज आत जातो. निळे-जांभळे डाग म्हणजे ती तापून गेली. वाकलेल्या स्टील प्लेटमुळे नुसता स्लिप नाही तर उलटा त्रास पण होतो, क्लच दाबूनही गाडी पुढे ओढते आणि न्यूट्रल सापडत नाही. तुमचे गिअर कडक पडत होते त्याचं मूळ तिथेही असू शकतं, आणि ते न बघता वायर आवळली असेल तर दुखणं एक आणि औषध दुसरं असं झालं.

स्प्रिंगची मोकळी लांबी सगळ्यांची मोजा, एक जरी लिमिटखाली गेली तरी पूर्ण सेट बदला. शेवटी हाऊसिंग. त्याच्या खाचांमध्ये प्लेटचे कान आपटून आपटून खड्डे पडतात. बोटाने जेमतेम जाणवणारे असतील तर बारीक कानशीने साफ होतात, नख अडकेल इतके खोल असतील तर हाऊसिंग बदलायचं. म्हणजे असेंब्ली लागते की नाही याचं उत्तर त्या खाचा बघितल्यावर मिळेल, त्याआधी कोणी सांगितलं तर तो अंदाज.

कुंभार्ली_रायडर

सगळ्यांचे मनापासून आभार, आता अपडेट देतो. मिस्त्री दादांनी सांगितलं तसं बघितलं तर लिव्हरला प्ले नव्हताच, टोकापासूनच कडक. दोन्ही अ‍ॅडजस्टर लावून साधारण १५ मिमी केला. ऑइल पण बदललं, एमए२, डबा समोर फोडून. एकटा असताना स्लिप जवळजवळ गेला पण डबलसीट घाटात चौथ्यात अजून काटा पळतच होता. मग ओळखीच्या दुसऱ्या मिस्त्रीकडे खोलली, सरांचं लिहिलेलं मोबाइलवर दाखवलं, त्याने पण काही मनात न आणता एकेक भाग मोजला.

लायनिंगवाल्या प्लेट २.६ ते २.७ मिमी भरल्या आणि मॅन्युअलमध्ये लिमिट २.८ मिमी आहे, म्हणजे संपलेल्याच. वास तर असा की कव्हर निघाल्या निघाल्या आला, तो ट्रकचा नव्हता. स्टीलच्या दोन प्लेट निळ्या पडलेल्या आणि काचेवर ठेवल्यावर डोलत होत्या. स्प्रिंग चारही मापात. हाऊसिंगच्या खाचांत बोट फिरवलं तर अगदी बारीक खरखर, कानस मारून साफ झाली. त्यामुळे दोन्ही प्रकारच्या प्लेट आणि गॅस्केट घेतलंय, स्प्रिंग पण नव्याच टाकतोय कारण परत खोलायचं नाहीये, आणि हे सगळं धरून साडेचार हजाराच्या निम्म्यात पण येत नाही. गाडी उद्या बसवायचीय. बसवताना काय काळजी घ्यायला सांगू?

आयटीआय_वाले_सर

नव्या प्लेट आजच नव्या ऑइलमध्ये बुडवून ठेवा, रात्रभर राहिल्या तर उत्तम. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चढाला लायनिंग जळतं. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोर थोडे थोडे करत आवळायचे, एकच पूर्ण आवळून पुढे जायचं नाही, आणि जोर पण बेताचा, अ‍ॅल्युमिनियममधले आटे लगेच जातात. कव्हर उघडलंच आहे तर ऑइलची जाळी आणि गाडीत फिरता (फिरून कचरा बाजूला फेकणारा) ऑइल फिल्टर असेल तर तोही साफ करून घ्या, जुन्या प्लेटींचा भुगा तिथेच जाऊन बसलेला असतो.

दूध_संकलन_निफाड

माझ्या गाडीवर रोज दोन कॅन असतात म्हणून सांगतो, सिग्नलला किंवा गर्दीत हाफ क्लचवर (लिव्हर अर्धवट दाबून) गाडी रांगवत ठेवू नका, न्यूट्रल करा. आणि बोटं लिव्हरवर ठेवून चालवायची सवय असेल तर ती सोडाच, नुसत्या बोटांच्या वजनाने पण प्ले निघून जातो. चढाला गाडी रडायला लागली की क्लच दाबून रेस करायची नाही, सरळ खालचा गिअर. घाटात लांब जाणार असाल तर जुन्या वायरच्या शेजारून एक नवी वायर टाकून टायने बांधून ठेवा, तुटली तर फक्त दोन टोकं अडकवायची. वायर लिव्हरपाशी जिथे वळते तिथे एकेक तार आधी सुटते, तिथे रबर सरकवून अधूनमधून बघत जा.

कराडचा_मिस्त्री

निफाडकरांचं पटलं, वायर नवीन टाकलीस तरी चालेल, जुनी पण २०१७चीच असणार. गाडी चालू केल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा दमाने घे, फुल अ‍ॅक्सिलरेटरवर उचलू नको, डबलसीट घाट शक्य असेल तर टाळ. नव्या प्लेट बसायला लागल्या की प्ले थोडा बदलतो, तेव्हा शंभरेक किलोमीटरनंतर गाडी थंड असताना परत मोजायचा. आणि परत कधी गिअर कडक वाटले तर वायर आवळायच्या आधी गाडी पहिल्यात टाकून, क्लच पूर्ण दाबून, सपाट जागेवर ढकलून बघ. गरम इंजिनला पण चाक अडत असेल, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नसेल, तर इकडे घेऊन ये, चहा घेऊ आणि बघू.

कुंभार्ली_रायडर

प्लेट भिजत घातल्या दादा. बायकोला सांगितलंय की पहिले दोन-तीनशे किलोमीटर तिने एसटीने यायचं, ती म्हणाली चालेल.